टणकताईची पाठ

चिनी मातीची बेसिनं आणि कमोड बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बघायचं, हे तिचं काम. आवाज खणखणीत आला तर माल चांगला. बसका आला तर कुठेतरी डोळ्याला न दिसणारा तडा आहे, असं समजायचं. माल चांगला असला की ती पलीकडच्या लिहिणाऱ्याला ओरडून सांगायची, "टणक!" दिवसातून शेकडो वेळा हा शब्द तोंडातून गेल्यावर तो तिलाच चिकटला. आधी टणकबाई, मग टणकताई. अंगानेही ती नावाला साजेशीच होती. रुंद खांदे, जाड मनगटं, आणि भट्टीच्या पंख्यांवर मात करून शेडभर ऐकू जाईल असा गळा.

ठोकून झालं की भांडं उचलून पॅलेटवर ठेवायचं. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांची चौकट, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. बेसिनचं काही वाटत नसे. कमोड मात्र पंचवीस किलोचा. तो ट्रॉलीवरून उचलायचा, कमरेत वळायचं आणि तसंच खाली वाकून अलगद टेकवायचा, कारण आपटला की संपलाच. टणकताई हे एकवीस वर्षं करत होती. पाठ दुखायची, पण पाठ दुखत नाही अशी बाई त्या खात्यात होतीच कुठे?

एका मंगळवारी सकाळी, चहाच्या सुट्टीआधी, ती कमोड घेऊन वाकली आणि तशीच राहिली. भांडं खाली नीट टेकलं होतं, हात त्याच्यावरून सुटले होते, पण कंबर वर यायला तयार नव्हती. कुणीतरी आतून खिळा ठोकून बसवल्यासारखी ती काटकोनात अडकली. आधी बायकांना वाटलं, काहीतरी पडलंय ते शोधतेय.

"काय हरवलं गं?" शेजारच्या बुटकीने विचारलं. बुटकी तिची दहा वर्षांची जोडीदारीण.

"पाठ," टणकताई जमिनीकडे बघत म्हणाली.

दोन माणसांनी तिला उचलून माल वाहायच्या ट्रॉलीवर आडवं घातलं आणि ढकलत दवाखान्याच्या खोलीकडे नेलं. वाटेत भट्टीवरच्या एका टवाळाने हातोडी उचलून ट्रॉलीच्या कडेवर ठोकली आणि ओरडला, "तडा गेला रे!" सगळे हसले. टणकताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी तिने मान वळवली.

"तुझ्या डोक्यावर मारून बघ," ती म्हणाली. "पोकळ आवाज येईल, पण घाबरू नकोस. तुझा माल जन्मापासूनच तसा आहे."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला हातसुद्धा लावला नाही. खुर्चीतूनच विचारलं, "वय काय?"

"सत्तेचाळीस."

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. "हे काम बायकांचं नाहीच मुळी. काहीतरी हलकं बघा."

बाहेर सुपरवायझर कागद घेऊन उभाच होता. हा माणूस बोलताना समोरच्याकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचा, म्हणून बायका त्याला पाठीमागे घड्याळसाहेब म्हणत. कागदावर लिहिलं होतं की, प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने झाडलोटीच्या खात्यात जात आहे.

"स्वखुशीने कोण जातंय?" टणकताईने विचारलं.

"तुमच्याच भल्यासाठी आहे, बाई."

"मग माझं भलं लिहा ना. खुशी कशाला लिहिता?"

"सही करा आणि घरी जाऊन पडा. उगाच वेळ जातोय."

टणकताईने कागद त्याच्या हातात परत दिला. भिंत धरून, एकेक पाऊल टाकत ती फाटकापर्यंत गेली. तिला स्वतःलाच कळत नव्हतं, आपण सही का केली नाही. झाडू काही वाईट नव्हता. पण एकवीस वर्षं आवाज ओळखणारे कान घेऊन झाडू मारायचा, आणि तेसुद्धा आपल्याच खुशीने, हे काही तिच्या पचनी पडेना.

घरी तीन आठवडे सक्तीची रजा. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन आणि त्याच्याभोवती कापडांचा ढीग, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. मागे फरशीचं छोटं अंगण, तिथे सासरे बसलेले असत. सासऱ्यांनी एक्केचाळीस वर्षं धक्क्यावर हमाली केली होती. आता वय ऐंशीच्या घरात, पण अजूनही उकिडवे बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि हात न टेकता उठायचे. सून आणि सासरा यांच्यात बोलणं बेताचंच. चहा झाला का, औषध घेतलं का, दार लावून घ्या, एवढंच.

नवऱ्याने मशीन थांबवून सांगितलं, "सोड ती नोकरी. मी आहे ना."

"तुम्ही आहात," ती म्हणाली, "पण तुमची मान बघा. आरशात बघता का कधी?" नवरा दिवसभर सुईवर वाकून वाकून पुढे झुकलेला होता. त्याने मशीन पुन्हा चालू केलं.

दुसऱ्या आठवड्यात तिला जरा चालता येऊ लागलं. अंगणातली बादली आत न्यायला ती वाकली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब! अशी उचलतेस?"

सासरे वर्तमानपत्र बाजूला ठेवून बघत होते. टणकताई गडबडली.

"मग कशी उचलू, आबा?"

"अगं, पाय काय फक्त फाटकापर्यंत चालत जायला दिलेत?" ते उठले. "एकवीस वर्षं कमरेने उचलतेस तू. पाठ एवढी टिकली हेच नवल. सरक."

त्यांनी बादलीच्या अगदी जवळ जाऊन दोन्ही पाय रोवले, गुडघ्यात बसले, बादली पोटाशी घेतली आणि श्वास सोडत सरळ उठले. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. मग वळले, पण कमरेतून नाही, पावलं फिरवून, अख्खेच्या अख्खे वळले.

"आमच्यात एक पैलवान होता," ते म्हणाले. "दोन पोती एकदम पाठीवर घ्यायचा. बघायला गर्दी जमायची. चाळिशीला घरी बसला, बूटसुद्धा दुसऱ्याने घालून द्यावे लागायचे. मी पहिल्यापासून भित्रा. जड दिसलं की आधी पायाने ढकलून बघायचो, मग जोडीदाराला हाक मारायचो. मला सगळे बायल्या म्हणायचे. म्हणू दे. त्यांच्यातला आज कोण उकिडवा बसतो?"

त्या दिवसापासून अंगणात शिकवणी सुरू झाली. नवऱ्याने जुन्या जाड कापडाची पिशवी शिवून दिली, तिच्यात वाळू भरली. आधी पाच किलो, मग दहा. सासरे पायरीवर बसून ओरडत. "लांब धरलीस! पोटाशी घे, पोटाशी. ओझं लेकरासारखं जवळ घ्यायचं, पाहुण्यासारखं लांबून नाही." "श्वास कोंडलास! सोड." "वळलीस कमरेत! पुन्हा पहिल्यापासून." टणकताईला कधी हसू यायचं, कधी राग. एकदा तिने पिशवी आपटली आणि म्हणाली, "आबा, मी काही धक्क्यावर नोकरीला लागले नाहीये."

"लागली असतीस तर दुसऱ्याच दिवशी हाकलली असती," सासरे म्हणाले. "उचल."

सकाळी उठल्याबरोबर जमिनीवर पाठ टेकून गुडघे छातीशी घ्यायचे, मग पोट आवळून पाय हळूहळू उचलायचे, हेही त्यांनीच लावून दिलं. नवरा आधी चेष्टा करायचा, "काय, उलटं झुरळ झालंय का?" आठवड्याने तोच शेजारी आडवा पडून मानेचे हेलकावे मोजू लागला.

एके दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "कामावर पाणी किती पितेस?"

टणकताईने मान खाली घातली. हे सासऱ्यांशी बोलायचं कसं? पण ते वाट बघत होते.

"सकाळी घरून निघताना अर्धा पेला," ती शेवटी म्हणाली. "मग संध्याकाळी घरी आल्यावर."

"भट्टीसमोर? आठ तास?"

"बायकांचा संडास कारखान्याच्या अंगणाच्या पलीकडे आहे, आबा. जायला-यायला सात मिनिटं लागतात. साहेब घड्याळ बघतात. म्हणून कुणीच पीत नाही. वर्षातून दोनदा लघवीला आग होते, गोळ्या घेतो, बरं होतं."

ऐंशीला टेकलेल्या माणसाचे कान लालबुंद झाले होते. मग दुसरीकडे बघत ते म्हणाले, "त्या साहेबाला विचार, तो स्वतः मुततो का, की घड्याळातनं टिपकतं त्याच्या?"

टणकताईने तोंडावर पदर घेतला. मग दोघंही इतके हसले, की नवरा मशीन सोडून बघायला आला. हसू थांबलं तेव्हा तिच्या मनात काहीतरी पक्कं झालं होतं. पाठ वयाने गेली नव्हती. तिला चुकीचं वापरलं होतं, आणि तसं वापरू दिलं होतं.

रजा संपल्यावर ती कामावर गेली ती दोन लिटरची पाण्याची बाटली घेऊन. पहिलं काम तिने केलं ते असं: भंगारात पडलेली दोन जुनी पॅलेटं ओढत आणली आणि चालू पॅलेटच्या खाली एकावर एक रचली. माल आता गुडघ्याच्या उंचीवर ठेवता येऊ लागला. जमिनीपर्यंत वाकायचं कामच उरलं नाही.

घड्याळसाहेब धावत आला. "हे काय? कुणाला विचारून?"

"पाठीला विचारलं, साहेब. ती हो म्हणाली."

"नियमात बसत नाही हे."

"नियमात वाकायचं लिहिलंय का? दाखवा, मी वाकते."

त्याने दोन माणसं बोलावून पॅलेटं भंगारात परत टाकायला लावली. टणकताईने जेवणाच्या सुट्टीत ती परत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅलेटं पुन्हा भंगारात होती. तिने पुन्हा आणली. तिसऱ्या दिवशी बुटकीने दुसरं टोक धरलं. चौथ्या दिवशी माणसं उचलायला आली, तेव्हा टणकताई पॅलेटांवर मांडी घालून बसली होती.

"उचला," ती म्हणाली. "माझ्यासकट. पण गुडघ्यातून उचला, नाहीतर तुमचीही जाईल."

माणसं हसत परत गेली.

पाण्याचं तसंच झालं. ती घोट घोट पाणी प्यायची आणि लागली की सरळ अंगण ओलांडून जायची. घड्याळसाहेब वहीत लिहायचा. एका दुपारी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, आज चार वेळा?"

"पाचवी राहिलीये," टणकताई शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तीही आत्ताच लिहून ठेवा, नंतर तुम्हाला आठवण राहायची नाही."

दुसऱ्या दिवशी खात्यात सहा बाटल्या होत्या, त्या आठवड्याच्या शेवटी अकरा. बायकांनी आपसांत ठरवलं की, एका वेळी एकीनेच जायचं आणि तिचं काम शेजारणीने सांभाळायचं, म्हणजे कामाकडे बोट दाखवायला जागा नको.

कमोड आता ती आणि बुटकी दोघी मिळून उचलत. पण सगळंच काही असं ताठ मानेने झालं नाही. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात भट्टीतून माल एकदम आला, ट्रॉल्यांची रांग लागली आणि तोच टवाळ लांबून ओरडला, "टणकताई आता नाजूकताई झाली! एक उचलायला दोन जणी लागतात!" टणकताईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने बुटकीला बाजूला सारलं आणि एकटीने धडाधड नऊ कमोड उचलून ठेवले. दहाव्याला पाठीत सुई घुसल्यासारखी कळ आली. या वेळी अडकली नाही, पण घरी चालत जाताना तिला दर बसथांब्यावर टेकावं लागलं.

सासऱ्यांनी तिच्या चालण्यावरूनच ओळखलं.

"कुणाला दाखवत होतीस?"

"एक जण नाजूक म्हणाला."

"मग?"

ती तिथेच अंगणात बसली आणि पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर रडली. सासऱ्यांनी समजूत घातली नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाले, "त्याच्यावर चिडलीस तर त्याचं काहीच जात नाही. साहेबावर चिड. चिडायची जागा चुकू देऊ नकोस."

पुढच्या महिन्यात नोटीस आली. वरिष्ठांची आज्ञा न पाळणे, कामाच्या जागेत परवानगीशिवाय बदल करणे, इतर कामगारांना चिथावणी देणे, वगैरे वगैरे. खुलासा द्यायचा होता. नवऱ्याचं अक्षर मोत्यासारखं. तो बसला लिहायला. त्याने सुरुवात केली, "मी झालेल्या चुकीबद्दल दिलगीर..."

"खोडा ते," टणकताई म्हणाली.

"अगं, तशी पद्धत असते."

"माझी नाहीये. लिहा: पॅलेटं मी रचली. पाणी मी प्यायले. दोन्ही पुढेही करणार आहे."

नवऱ्याने पेन थांबवून तिच्याकडे बघितलं. मग नवा कागद घेतला आणि मान जरा ताठ करून ती सांगेल ते अक्षरशः लिहिलं.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. टेबलामागे मॅनेजर, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला घड्याळसाहेब, वही उघडून. मॅनेजर शांत माणूस होता. त्याने खुलासा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

टणकताईने पाय रोवले, जसे अंगणात रोवायची तसे.

"साहेब, भट्टीतून एक भांडं तडकून निघालं तर तुम्ही काय करता?"

"म्हणजे?"

"तीन माणसं येतात. माती बघतात, भट्टीचा ताप बघतात, कुठल्या साच्यातून निघालं ते बघतात. भांड्याला कुणी म्हणत नाही, तुझं वय झालं. तडा कशाने गेला, ते शोधता. माझी पाठ तडकली तेव्हा कुणी आलं का बघायला? डॉक्टरसाहेबांनी हात लावला नाही. सुपरवायझरसाहेब कागद घेऊन आले. एकवीस वर्षं मी तुमचा माल ठोकून बघतेय. मला एकदा तरी कुणी ठोकून बघितलं का?"

डॉक्टर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"माझी मागणी काही मोठी नाही," ती पुढे म्हणाली. "वीतभर उंचीची जागा गुडघ्याएवढी करा. जड माल दोघींनी उचलू द्या. आणि तहान लागली की पाणी, लागली की संडास. यातलं काय बेकायदा आहे ते सांगा, मी आत्ता सही करते."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?" मॅनेजरने विचारलं. आवाज धमकीचा नव्हता. त्याला खरंच ऐकायचं होतं.

"तर तुम्ही रोज पॅलेटं उचलून टाका, मी रोज आणीन. उचलायचं कसं ते आता मला येतं."

निकाल लेखी आला. टणकताईला ताकीद देण्यात आली आणि ती तिच्या फाइलीत कायमची लागली. पॅलेटांबद्दल, पाण्याबद्दल निकालात एक अक्षर नव्हतं. पण त्यानंतर पॅलेटांना कुणी हात लावला नाही, आणि घड्याळसाहेबाची वही टेबलाच्या खणात गेली. दोन महिन्यांनी एका सकाळी बायका आल्या, तर खात्यात सहाच्या सहा जागी लोखंडी चौथरे बसवलेले, पिवळ्या रंगाने रंगवलेले. भिंतीवर पाटी होती: कामगारांच्या आरोग्यासाठी व्यवस्थापनाचा उपक्रम.

बुटकी भडकली. "तुझं नाव कुठेय यात? उलट ताकीद मिळाली तुला! जा, बोल त्यांना."

टणकताईने नव्या चौथऱ्याला पायाने धक्का देऊन बघितला. हलला नाही.

"पाटीला काय चाटायचंय?" ती म्हणाली. "चौथरा भक्कम आहे."

पाठ पूर्ण बरी झाली असं नाही. थंडीच्या सकाळी ती अजून धरते, आणि लांबचा प्रवास झाला की दोन दिवस कुरकुरते. त्या दिवशी टणकताई फक्त हातोडीचं काम करते आणि उचलायला दुसरीला पुढे करते. कुणी काही म्हणालं तर ऐकून घेते आणि पाणी पिते. नवी बाई खात्यात आली की पहिला दिवस ती तिला आवाज शिकवत नाही. रिकामं खोकं देते आणि उचलायला लावते. "कान पुढच्या आठवड्यात," ती सांगते. "आधी गुडघे."

मागच्या वर्षी कारखान्यात नव्या आकाराचा माल सुरू झाला, जुन्यापेक्षाही जड. आराखडा घेऊन एक तरुण इंजिनिअर खात्यात आला. त्याच्याबरोबर घड्याळसाहेबही होता, केस पिकलेला. इंजिनिअरने मोजपट्टी काढली आणि विचारलं, "या मालासाठी चौथरा किती उंच ठेवायचा? कागदावर साठ सेंटिमीटर आहे."

घड्याळसाहेब सवयीने मनगटाकडे बघायला गेला, मग थांबला. "यांना विचारा," तो टणकताईकडे बोट दाखवून म्हणाला.

"मला नको," टणकताई म्हणाली. "मी उंच आहे." तिने मागे वळून हाक मारली, "बुटके, इकडे ये! तुझ्या गुडघ्याचं माप द्यायचंय."

बुटकी हात पुसत आली आणि दोन्ही पाय घट्ट रोवून उभी राहिली. इंजिनिअर गुडघ्यावर बसला आणि त्याने माप घेतलं. मग वर बघून म्हणाला, "हे तर कागदापेक्षा बरंच कमी भरतंय."

"मग कागद बदला," टणकताई म्हणाली, आणि हातोडी उचलून पुढच्या भांड्याकडे वळली.